पाच फुटांत छोटी लाइन बसवली, पण गाडी सांध्यावर अडते. गणपतीच्या देखाव्यात ठेवायची आहे

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत गावभागात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. तारा, सोल्डरिंग, मल्टीमीटर यांची सवय आहे. पण मॉडेल रेल्वे करणारं ओळखीत कोणी नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आमचे अण्णा मिरज-पंढरपूर छोट्या लाइनवर सांधेवाला होते, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा बदलायचे. आता त्यांचं वय ७९. ती लाइन मोठी झाली, जुने रूळ उचलले गेले. अण्णांकडे त्या नोकरीची एक शिट्टी आणि एक पिवळा पडलेला फोटो एवढंच उरलंय. त्यांच्या डोळ्यांसमोर एक स्टेशन पुन्हा उभं करायचं, एवढ्यासाठी मी हे काम हातात घेतलं.

पहिला प्रयत्न २०१९ च्या पुरात गेला. तेव्हा तळमजल्यावर सहा बाय तीनच्या टेबलावर सगळं पक्कं ठोकलेलं होतं. पाणी शिरलं तेव्हा आम्ही अण्णांना, कागदपत्रांना आणि गॅसच्या टाकीला वर नेलं, टेबल तिथंच राहिलं. घर उपसायला आलो तेव्हा प्लायचे पापुद्रे सुटून हातात येत होते. त्यामुळे या वेळी पहिला नियम असा केला, की आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांवर गेली की दोन माणसांनी पाच मिनिटांत सगळं वरच्या मजल्यावर न्यायचं.

म्हणून दोन फळ्या केल्या. प्रत्येकी ७५ सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद, ६ मिलिमीटरचा प्लाय, खाली सागाच्या पट्ट्यांची चौकट. डाव्या बाजूला ४५ सेंटिमीटरचा एक झाकलेला कप्पा आहे, गाडी तिथं जाऊन लपते. रूळ ९ मिलिमीटरचे, प्रमाण १:८७. हिशेब करून पाहिला. अण्णांची लाइन बार्शी लाइट रेल्वेची, तिचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ९ ला ८७ ने गुणलं तर ७८३ येतात. २१ मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. १:७६ घेतलं असतं तर ६८४ आले असते आणि गाडी रुळाच्या मानाने फार बोजड दिसली असती. १:४८ मध्ये १६.५ मिलिमीटरचा रूळ चालतो, ते मोठं आणि देखणं होतं, पण माझ्या दीड मीटरमध्ये त्यात स्टेशन आणि एक सायडिंगही मावलं नसतं.

स्टेशनला खऱ्या कुठल्याच स्टेशनाचं नाव दिलं नाही. सलगऱ्याची खोली आणि कवठेमहांकाळची लूप (स्टेशनातली बाजूची दुसरी लाइन) एकत्र करून जे झालं त्याला सलगरे म्हणणं मला खोटं वाटलं. पाटीवर "माळवाडी रोड" लिहिलं. जत रोडसारखं. गाव एकीकडे, स्टेशन माळावर.

आता अडचणी. इंजिन म्हणजे एन गेजच्या (९ मिलिमीटर रुळावर चालणाऱ्या मॉडेलगाडीच्या) जपानी चार चाकी चॅसिसवर मी प्लॅस्टिकच्या पत्र्याचा सांगाडा चढवलाय. सरळ रुळावर ते सुरेख चालतं. सांध्यावर आलं की दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला थांबतं आणि बोटाने ढकलावं लागतं. सांध्याच्या मधला जो बाण आहे, म्हणजे जिथं दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो माझ्याकडे प्लॅस्टिकचा आहे. मागवताना धातूचा मागवला होता, आला प्लॅस्टिकचा, आणि दुकानाने परत घेतला नाही.

दुसरी अडचण दोन फळ्यांच्या जोडाची. मे महिन्यात रूळ एका रेषेत होते. आता जुलैत उजवी फळी अर्धा मिलिमीटर वर आलीय. जोडावर डबा दर वेळी उडी मारतो.

आमच्या गल्लीच्या मंडळाने यंदा देखाव्यात हे ठेवायचं ठरवलंय. पाच दिवस, संध्याकाळी सात ते दहा. म्हणजे पंधरा तास चालवायचं, आणि मी प्रत्येक मिनिटाला तिथं उभी राहू शकणार नाही. समोर लहान मुलं असणार. गाडी बोटाने ढकलावी लागली तर तो देखावा मला ठेवायचाच नाही.

ज्यांनी असं काही लोकांसमोर चालवलंय त्यांनी कृपया सांगावं. फोटो मंगळवारी टाकते.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, आधी अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मी साताऱ्याचा. पॅनेल वायरिंगचं काम करतो आणि फावल्या वेळात एन गेज. आमच्याकडच्या एका कॉलेजच्या प्रदर्शनात दोनदा लेआउट चालवलाय, त्यावरून सांगतो.

बाण प्लॅस्टिकचा असेल तर त्यावर वीज नाही. तुमच्या इंजिनाच्या दोन आसांमध्ये अंतर किती? अडीच सेंटिमीटरच्या आसपास असणार. एक चाक बाणावर आलं आणि दुसऱ्या टोकाच्या चाकाखाली धुळीचा कण असला की संपलं. रूळ कितीही घासा, हे थांबणार नाही. उपाय दोन आहेत. धातूच्या बाणाचा सांधा बसवायचा आणि त्या बाणाची वीज सांधा बदलताना स्विचने बदलायची. एक साधा स्लाइड स्विच घ्या, त्याच्या दांडीनेच सांध्याच्या पट्ट्या सरकवा, आणि त्याच स्विचच्या संपर्कांतून बाणाला वीज द्या. एकाच हालचालीत दोन्ही कामं होतात. मात्र बाणाच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जोड घाला, नाहीतर शॉर्ट.

दुसरा उपाय आत्ता, गणपतीपर्यंत होण्यासारखा आहे, आणि मी तोच करा म्हणेन. इंजिनामागचा पहिला डबा कायमचा जोडून टाका. त्याची चाकं धातूची घ्या, त्या चाकांवरूनही वीज घ्या आणि दोन बारीक तारांनी ती इंजिनापर्यंत न्या. आता गाडी दोन चाकांच्या भरवशावर राहणार नाही. इंजिन बाणावर असताना डबा अजून चांगल्या रुळावर असेल.

चाकांच्या पाठीला घासणारी पट्टी कशाची करायची हा प्रश्न येईल. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला ते सोपं आहे. मिरजेला सतारमेकर गल्लीत जा आणि सतारीची ब्राँझची तार मागा. पोलादी नको, ब्राँझचीच. ती लवचिक असते, गंजत नाही, आणि तिच्यावर सोल्डर छान बसतं. चार बोटं लांबीचा तुकडा पुरतो. तार चाकाच्या पाठीला नुसती टेकली पाहिजे. दाबली तर डबा ब्रेक लावल्यासारखा ओढेल. डबा उतारावर सोडून बघा, स्वतःहून गडगडला पाहिजे.

इंजिनाच्या छताखाली शिसं चिकटवा. वजन वाढलं की संपर्क सुधारतो.

जोडाबद्दल. लाकूड पावसाळ्यात पाणी पितं. प्लायच्या वरच्या बाजूला रंग आहे, पण खालची बाजू आणि कडा कोऱ्या असतील तर तिथून ओल शिरते. फळी पूर्ण सुकू द्या, मग सहाही बाजूंना सँडिंग सीलरचे दोन हात मारा. नंतर जोडावर पितळी बिजागऱ्या बसवा, पुढे एक, मागे एक. दोन्ही फळ्या क्लॅम्पने घट्ट धरून, रूळ एका रेषेत आणून मग स्क्रू आवळायचे. बिजागरीची पिन काढून तिथं वाकवलेला खिळा घाला. खिळा काढला की फळ्या सुटल्या, घातला की दर वेळी केसाच्याही फरकाशिवाय त्याच जागी. जोडालगत प्रत्येक रुळाच्या टोकाखाली पितळी स्क्रू ठोका आणि रूळ त्याच्या डोक्याला सोल्डर करा. रूळ आधी सलग टाका, सोल्डर झाल्यावर बारीक करवतीने जोडावर कापा. मग तो तसूभरही हलत नाही.

आणि देखाव्यासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. उदबत्ती, धूप, कापूर यांचा धूर रुळावर चिकट थर धरतो. गुलालाचं तर विचारूच नका. आरतीच्या वेळी लेआउटवर स्वच्छ चादर टाका आणि आरतीनंतर पाच मिनिटांनी काढा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं. पॉलिशपेपर कधीच नाही, त्याने पडलेल्या ओरखड्यांत मळ बसतो.

कुर्डुवाडी_लूप

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. मी स्वतः रेल्वेत नव्हतो, पण घर कुर्डुवाडीला, आणि शाळेत जाताना रोज छोट्या गाडीचा धूर अंगावर घेतलाय. त्यामुळे मला लेआउटमध्ये वीज कशी फिरते यापेक्षा जमीन कशी दिसते ते जास्त कळतं.

बार्शी लाइट १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. ते बार्शी रोड म्हणजेच आजचं कुर्डुवाडी. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, आणि तुमच्या मिरजेला गाडी पोचली १९२७ मध्ये. एकूण २०२ मैल. १९५४ साली सरकारने कंपनीकडून ताब्यात घेतली. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा तिचा इंजिनिअर. त्याचा आग्रह असा, की कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिन असो की मालडबा, नियम एकच. त्यामुळे यार्डाला ३० पौंडांचा हलका रूळ पुरला आणि रेल्वे स्वस्तात माळरानातून जाऊ शकली. इंजिन जड हवं आणि आसावर भार कमी हवा, म्हणून आस वाढवायचे. लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाकं आणि मागे चार लहान चाकं होती. तुमचं चार चाकी इंजिन देखणं असेल, पण पुढेमागे आठ चाकांचं एन गेज चॅसिस मिळालं तर त्यावर हे रूप चढवा. सांध्यावरची निम्मी अडचण तिथंच मिटेल, कारण वीज घ्यायला आठ चाकं असतील.

आता नजरेला काय खटकतं ते सांगतो, राग मानू नका. बहुतेक जण परदेशी फोटो बघून रुळाखाली जाड, करडी, काटेकोर खडी घालतात. छोट्या लाइनीवर तसं नव्हतं. खडी थोडी, तीही मातीत मिसळलेली, स्लीपरांच्या मधून गवत उगवलेलं. फलाट जवळजवळ जमिनीलगत. उंच फलाट दाखवलात तर लगेच मोठ्या लाइनीचं स्टेशन वाटेल.

आणि हिरवं कमी ठेवा. कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला हा दुष्काळी पट्टा. बाभळी, निवडुंग, काळा कातळ, मुरमाड लाल-पांढरी माती. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसांनी खडी फोडून दिवस काढलेत. अण्णांची नोकरी त्याच सुमाराची असेल तर आजच्या द्राक्षबागा त्या देखाव्यात घालू नका.

एक विनंती. आषाढीच्या दिवसांतली गाडी दाखवा. डबे भरून वाहायचे, टपावर माणसं, भगव्या पताका, पोती-वळकट्या. १:८७ ची माणसं विकत घेतलीत तर महाग पडतील. वारकरी तुम्हालाच करावे लागतील, कारण धोतर आणि टोपीतला माणूस परदेशी पाकिटात सहसा मिळत नाही.

दिवाळीतला_किल्ला

गावभागातल्या ताई, मी कराडची, माझं माहेर सांगलीचं. मला इंजिनातलं काही कळत नाही. पण लहानपणापासून दिवाळीत अंगणात किल्ला केलाय, आता भाच्यांना करून देते, आणि तेच हात या कामाला उपयोगी पडतात. इथं बरेच जण बाहेरून महागडं गवत मागवतात. त्याची गरज नाही.

माती त्याच भागातून आणा. ढालगावच्या माळावरची एक पिशवी पुरे. आणली की पत्र्याच्या ताटात चुलीवर किंवा ओव्हनमध्ये चांगली तापवा, म्हणजे त्यात बारीक किडे, बी काही उरत नाही. मग पिठाची चाळणी, मग चहाची गाळणी, मग जुन्या नायलॉन ओढणीतून. तीन जाडीची माती मिळते. सगळ्यात बारीक ती पायवाटेला.

यानंतरची पायरी वगळू नका. मातीवरून लोहचुंबक फिरवा. आपला दगड काळा कातळ, त्यात लोहाचे कण असतात. कृष्णेच्या वाळूत तर भरपूर. चुंबकाला कागद गुंडाळा आणि दोन-तीनदा फिरवा, कागदावर काळी मिशी उगवल्यासारखे कण चिकटतात. ते रुळाशेजारी राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं. माझ्या मावसभावाची एक चांगली मोटर अशीच गेली, उघडली तर आत काळी पूड.

चिकटवायला एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी, आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबणाशिवाय पाणी मातीवर मोत्यासारखं गोळा होतं आणि आत शिरत नाही. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, मग ड्रॉपरने हे मिश्रण रुळांच्या मधोमध. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांजवळ एक थेंबही नको. एक रात्र सुकू द्या.

बाभळीसाठी एक युक्ती सांगते. शेपूची भाजी फुलावर गेली की तिला छत्री येते. ती छत्री देठासकट वाळवा. वरून सपाट, खाली काटक्या फाकलेल्या, हुबेहूब माळावरची बाभूळ. तिच्यावर फेव्हिकॉलचा फवारा मारून मिक्सरमध्ये बारीक केलेला आणि रंगवलेला स्पंज भुरभुरवा. रंग पोपटी नको, धुळीने माखलेला हिरवा हवा. हिरव्यात थोडा गेरू मिसळला की जमतं.

वारकऱ्यांसाठी तांब्याच्या बारीक तारेचा सांगाडा करा, वर टिश्यूपेपर आणि फेव्हिकॉल. १:८७ मध्ये माणूस दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी उंच. नाक-डोळे काढायच्या भानगडीत पडू नका. पांढरं धोतर, खांद्यावर पताका आणि पुढे झुकलेली मान एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

गावभाग_सांगली

तिघांचेही मनापासून आभार. अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. फलाट जमिनीलगत हे ऐकून ते म्हणाले, "बरोबर सांगितलंन. आणि म्हाताऱ्या बायकांना चढवायला मीच हात द्यायचो." मी केलेला फलाट चार मिलिमीटर उंच होता. काल रात्री पटाशीने तासून काढला.

सतारमेकर गल्लीतही जाऊन आले. कशाला हवी विचारल्यावर सांगितलं, तर त्या काकांनी आपल्या कामाच्या फळीवर तारेचा तुकडा वाकवून किती ताण द्यायचा ते दाखवलं आणि पैसे घेतले नाहीत.

एक प्रश्न उरलाय. माझी मांडणी गोल नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे. पंधरा तास उलट-सुलट बटण कोण दाबणार? मंडळातल्या दोघांचं म्हणणं, सरळ गोल रूळ टाका, गाडी फिरत राहील. मला ते नकोय. छोटी गाडी स्टेशनात येते, थांबते, निघते. गोल फिरणारी गाडी कुठंच जात नाही.

अजिंक्यतारा_पायथा

गोल नकोच. हे आपोआप करता येतं, आणि इलेक्ट्रॉनिक्स फारसं लागत नाही.

दोन्ही टोकांना शेवटचा थोडा रूळ एका बाजूने कापून वेगळा करा. त्या कापावर एक डायोड (एकाच दिशेने वीज सोडणारा भाग) सोल्डर करा, अशा दिशेने की गाडी टोकाकडे जाताना वीज अडेल आणि परत फिरताना मिळेल. गाडी त्या तुकड्यात शिरली की आपोआप थांबते. मग पॅनेलमध्ये वापरतात तो टायमर रिले घ्या, दुहेरी संपर्कांचा, आणि दर चाळीस सेकंदांनी रुळांची दिशा उलटी करा. दिशा उलटली की डायोड वीज सोडतो आणि गाडी निघते. टायमरची वेळ गाडीच्या प्रवासापेक्षा जास्त ठेवा, जे उरेल तो स्टेशनातला थांबा.

शिवाय रुळांकडे जाणाऱ्या एका तारेत गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब घाला. शॉर्ट झालं तर बल्ब पेटतो, सगळा करंट तोच खातो, तुमचा कंट्रोलर वाचतो. आणि लांबूनच कळतं, काहीतरी बिघडलंय.

उंचीचं राहिलं. मोठ्यांच्या कोपराएवढी उंची ठेवा, पुढे चार बोटं उंच अ‍ॅक्रिलिकची पट्टी. मुलांसाठी समोर लांब, जड बाक ठेवा, हलणारं स्टूल नको. दिवे पुढून आणि वरून, प्रेक्षकाच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे.

गावभाग_सांगली

गणपती झाले. उशिरा लिहितेय, कारण दमले होते आणि नंतर चाचणी परीक्षेचे पेपर होते.

बिजागऱ्यांचा उपाय अचूक निघाला. फळ्या मंडपात नेल्या, खिळे घातले, डबा जोडावरून गेला आणि मला आवाजही आला नाही. ब्राँझच्या तारेने सांध्यावरचं अडणंही गेलं. मी घरी सलग दोनशे फेऱ्या मोजल्या, एकदाही बोट लावावं लागलं नाही.

पण मंडपात मांडायच्या आदल्या रात्री भलतंच झालं. डायोडचे तुकडे लावले, टायमर चालू केला, आणि गाडी टोकाला न थांबता थेट लाकडी ठोकळ्यावर जाऊन आदळली. डायोड उलटा लागला असेल म्हणून काढून पाहिला, बरोबर होता. मल्टीमीटर लावला, तुकड्यात वीज नव्हती. रात्री साडेअकराला मी तिथंच जमिनीवर बसून गाडी हाताने मिलिमीटर-मिलिमीटर सरकवत होते. तेव्हा दिसलं. मी तुकडा कापला होता दहा सेंटिमीटरचा, इंजिनाच्या मापाने. पण आता इंजिन आणि डबा तारेने जोडलेले आहेत. इंजिन तुकड्यात शिरलं तरी डबा बाहेरच्या रुळावर उभा, आणि तो मागून इंजिनाला वीज पुरवतोय. गाडी थांबायला दोघंही आत यायला हवेत. म्हणजे माझा सहा सेंटिमीटरचा इंजिन आणि नऊचा डबा मिळून किमान पंधरा, वर थोडी मोकळीक. जुना काप सोल्डरने बुजवला, अठरा सेंटिमीटरवर नवा काप घेतला. पहाटे दीड वाजता गाडी माळवाडी रोडला येऊन हळूच थांबली. कोणी माझ्यासारखी दोन्ही युक्त्या एकत्र वापरणार असेल तर हे आधीच मोजून घ्या.

मंडपात पहिले दोन दिवस विनातक्रार गेले. तिसऱ्या दिवशी आरतीला चादर टाकायची राहिली. मी वर्गणीच्या हिशेबाला बसले होते. अर्ध्या तासात गाडी अडखळायला लागली. फडकं अल्कोहोलमध्ये बुडवून रुळावरून फिरवलं तर काजळासारखा काळा पट्टा आला. अजिंक्यतारा दादांनी सांगितलं नसतं तर मी वायरिंग उघडत बसले असते. त्यानंतर चादरीचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं.

वारकरी चौतीस झाले. टपावर नऊ, बाकीचे फलाटावर. बाभळी अकरा, सगळ्या शेपूच्या. चुंबकाला चिकटलेली काळी पूड मी काचेच्या बाटलीत भरून शाळेत नेली, सातवीला चुंबकत्वाचा धडा त्यावरूनच शिकवला.

अण्णांबद्दल सांगायचंय. देखाव्यात गाडी आपोआप जाते-येते, पण मधला सांधा मी हातानेच बदलता येईल असा ठेवला होता. मालगाडीचे दोन डबे सायडिंगला ढकलायचे असले तर. अण्णा रोज सात वाजता पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसायचे. कोणी मुलगा म्हणाला, आजोबा, ती गाडी तिकडे पाठवा ना, की ते टायमर बंद करायचे, आधी पट्टी पूर्ण टेकलीय का ते वाकून बघायचे, मग हात वर करून मला खूण द्यायचे आणि मगच मी वीज सोडायची. एकदा घाईत मी खुणेआधी गाडी सोडली. सगळ्यांसमोर ओरडले मला. "सांधा लागल्याशिवाय सिग्नल नाही!" मुलं दचकली. मग त्यांनी मुलांना जवळ घेऊन समजावलं, की पट्टी अर्धवट राहिली तर इंजिन एका रुळावर जातं आणि मागचा डबा दुसऱ्या, आणि माणसं आत असतात.

शेवटच्या दिवशी मिरजेहून एक आजी आल्या होत्या. बराच वेळ फलाटापाशी वाकून बघत होत्या. मग अण्णांना म्हणाल्या, सांगोल्याला माझं माहेर, बाळंतपणाला याच गाडीने गेले होते. अण्णांनी साल विचारलं. दोघांनी मिळून त्या वेळचा स्टेशनमास्तर कोण होता ते आठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि तरी बोलत बसले. मंडपातले दिवे काढायला पोरं आली तेव्हा उठले.

आता नवं काम लागलंय. अण्णा म्हणतात, सांध्याला कुलूप दाखवलेलं नाहीस, किल्ली स्टेशनात असायची. १:८७ मध्ये कुलूप म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान. कोणी केलंय का? तांब्याच्या तारेची कडी जमेल, पण ती सांधा बदलताना सुटली पाहिजे आणि परत लावता आली पाहिजे. अण्णांना नुसती चिकटवलेली चालणार नाही.

कुर्डुवाडी_लूप

ताई, सोनाराकडे जा. नथीच्या फिरकीचा सगळ्यात लहान आकडा मागा. तो उघडतो, लागतो, आणि पितळी रंगाचाच असतो. काळा रंग लावायचा तेवढा बाकी राहील. आणि अण्णांना विचारा, किल्ली कुठल्या खिळ्याला टांगायचे. स्टेशनच्या भिंतीवर तो खिळाही लागेल.

गावभाग_सांगली

विचारलं. खिडकीच्या डाव्या बाजूला, कंदिलाच्या खाली. उद्या शाळा सुटल्यावर गणपती पेठेत सोनाराकडे जाते.